रेघ शून्यातून का जात नाही? बल, त्वरण आणि ओटीवरचा खेळण्यातला ट्रक

नेहमीप्रमाणे हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'तर' आणि मागे वाजणाऱ्या ढोलकीचा आवाज काढून टाकलाय. या वेळी आकडे बरेच आहेत आणि कानाने आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून ज्यांनी ऐकलंय त्यांनीही मधला तक्ता एकदा डोळ्याखालून घाला.

गोष्ट सुरू होते गणपतीत. माझं गाव पोलादपूर. मुंबई-गोवा हायवेने निघालात की महाड सोडल्यावर अठरा-वीस किलोमीटरवर. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि दुसरा कशेडीकडून खेडला उतरतो. आता कशेडीला बोगदा झालाय, पण आमच्याकडे अजूनही कुठेही जायचं म्हटलं की आधी 'घाट' हाच शब्द तोंडात येतो.

तर गौरी-गणपती झाले, घरात जरा शांतता झाली आणि माझी चुलत बहीण जर्नल घेऊन आली. अकरावी सायन्सला आहे, रोज एसटीने महाडला जाते. म्हणाली, "दादा, तू इंजिनियर ना? मग मला चार रीडिंग बनवून दे."

बनवून!

मी जर्नल बघितलं. प्रयोग साधा: बल आणि त्वरण यांचा संबंध तपासणे. एक ट्रॉली, तिला बांधलेला दोरा, दोरा टेबलाच्या कडेच्या पुलीवरून खाली आणि टोकाला वजन. वजन वाढवत जायचं, ट्रॉली किती जोरात वेग घेते ते मोजायचं आणि ग्राफ काढायचा. पुस्तकात ग्राफची सरळ रेघ शून्यातून निघते. हिची रेघ शून्याच्या जरा उजवीकडून निघत होती. वर एक बिंदू अपेक्षेपेक्षा चांगलाच खाली.

"आमच्या ग्रुपने ठरवलंय, रेघ शून्यातूनच न्यायची. नाहीतर सर परत करायला लावतील."

मंडळी, इथे मला हसूही आलं आणि लाजही वाटली. कारण मी बारावीत हेच केलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्यात कॉलेजचा दोष नाही, हात माझेच होते. पेन्सिलीने आधी रेघ मारली, मग रेघेवरून उलटे रीडिंग काढले, थोडे इकडेतिकडे हलवले म्हणजे खरे वाटतील. पूर्ण मार्क मिळाले. पुढे लोणेरेला बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण त्या दिवशी त्या ट्रॉलीने मला एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती खोडरबराने पुसली, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

तिला म्हटलं, "रीडिंग बनवून देत नाही. पण चल, घरीच प्रयोग करू. रेघ शून्यातून का जात नाही ते शोधू."

आधी थोडी उजळणी

बल म्हणजे ओढ किंवा ढकल. ते न्यूटनमध्ये मोजतात. एक न्यूटन किती? हातावर साधारण १०० ग्रॅमचा पेरू ठेवला तर तो जितक्या जोराने हात खाली दाबतो, जवळपास तितकं.

त्वरण म्हणजे वेग किती भरभर बदलतोय. इथे बरेच जण गोंधळतात. हायवेवर ताशी ८० च्या एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या गाडीचं त्वरण शून्य आहे. आणि सिग्नलवरून नुकती सुटलेली, अजून ताशी दहाच्याही वर न गेलेली बाईक जोरदार त्वरणात असू शकते. वेग मोठा असणं वेगळं, वेग बदलत असणं वेगळं.

न्यूटनचा दुसरा नियम आपण पाठ करतो: बल = वस्तुमान × त्वरण. वस्तुमान तेच ठेवून बल दुप्पट केलं की त्वरण दुप्पट. बल शून्य, तर त्वरण शून्य. म्हणून रेघ शून्यातून जायला हवी. बरोबर?

बरोबर. पण त्या सूत्रातलं 'बल' म्हणजे एकूण बल. वस्तूवर जितकी बलं लागताहेत त्या सगळ्यांची दिशेसकट बेरीज. आपण लावलेलं बल त्यातलं फक्त एक. सगळी गोम इथे आहे. आता ओटीवर चला.

सामान

लॅबमधली ट्रॉली नव्हती. पुतण्याचा प्लॅस्टिकचा मोठा ट्रक होता, ज्याच्या हौद्यात मोबाईल मावतो. तो त्याने अर्ध्या तासाच्या बोलीवर दिला. पुलीऐवजी आईच्या शिवणयंत्राचं रिकामं रीळ, विणायच्या सुईवर फिरणारं. दोरा नायलॉनचा, गळ टाकायला वापरतात तो. वजनांसाठी वाळूच्या पाच पुड्या, प्रत्येकी २० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून. मोदकांसाठी आणलेल्या तांदळाच्या पिठातलं उरलेलं पीठ पिशवीत भरून ट्रकमध्ये ठेवलं आणि ट्रक, मोबाईल, पीठ मिळून बरोब्बर ९०० ग्रॅम केले. पाच पुड्या धरून सगळं मिळून १ किलो.

घरातली लांब फळी टेबलावर ठेवली आणि तिच्या टोकाला रीळ बसवलं. फळीच्या टोकाला उशी, म्हणजे ट्रक मोबाईलसकट खाली जाणार नाही. आणि लटकणाऱ्या पुड्यांखाली घडी केलेला टॉवेल.

पहिला सापळा: वस्तुमान कोणाचं?

बहिणीने पहिल्यांदा काय केलं? एक पुडी लटकवली, रीडिंग घेतलं. मग टेबलावरची दुसरी पुडी उचलून लटकवली. मग तिसरी. तुम्हीही हेच कराल.

पण लटकणारी पुडी नुसती ओढत नाही, ती स्वतःही ट्रकबरोबर वेग घेते. दोऱ्याच्या एका टोकाला ट्रक, दुसऱ्या टोकाला पुड्या, दोघांचं त्वरण एकच. म्हणजे जे हलवायचंय त्यात पुड्यांचंही वस्तुमान आलं. प्रत्येक वेळी बाहेरून नवी पुडी आणली की बलही बदलतं आणि वस्तुमानही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

उपाय सोपा. पाचही पुड्या सुरुवातीपासून गाडीतच ठेवायच्या आणि एकेक उचलून दोऱ्याला लावायची. एकूण वस्तुमान कायम १ किलो, बदलतं फक्त ओढणारं बल. एसटीत मागच्या सीटवरचा माणूस पुढे येऊन बसला तरी एसटीचं वजन तेवढंच राहतं, तसं.

दुसरा सापळा: स्टॉपवॉच

आम्ही ६० सेंटिमीटर अंतर ठरवलं. ट्रक स्थिर अवस्थेतून सुटतो, ६० सेंटिमीटर जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्वरण काढायचं सूत्र: अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग.

तो 'वर्ग' लक्षात ठेवा. समजा खरा वेळ १.१९ सेकंद आहे, आणि घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक झाली, जी सहज होते. तुमच्याकडे १.३९ आले. खरं त्वरण ०.८५ आहे, तुमच्या वहीत येणार ०.६२. तब्बल पाव हिस्सा गायब! उलट हळू जाणाऱ्या ट्रकला ३.८७ सेकंद लागत असतील तर त्याच ०.२ सेकंदांनी ०.०८० चं फक्त ०.०७२ होतं.

म्हणजे बोटाची चूक तेवढीच, पण जितका ट्रक जोरात तितका फटका मोठा. बहिणीच्या ग्राफवर सगळ्यात वरचा बिंदू खाली का घसरला होता, त्याचं उत्तर बहुतेक हेच. निसर्गाचा नियम मोडला नव्हता, बोट उशिरा पडलं होतं.

आमच्याकडे स्टॉपवॉचपेक्षा चांगली वस्तू होती: दुसरा मोबाईल. स्लो मोशनमध्ये सेकंदाला १२० फ्रेम. व्हिडिओ काढायचा, ट्रक सुटल्यापासून खुणेला पोचेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा १२० वा भाग. प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलं आणि सरासरी काढली.

आणि हा तक्ता

एकूण वस्तुमान १ किलो. बल न्यूटनमध्ये, त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गमध्ये.

- २० ग्रॅम लटकवले: ओढणारं बल ०.१९६, वेळ ३.८७ सेकंद, त्वरण ०.०८
- ४० ग्रॅम: बल ०.३९२, वेळ २.१५, त्वरण ०.२६
- ६० ग्रॅम: बल ०.५८८, वेळ १.५८, त्वरण ०.४८
- ८० ग्रॅम: बल ०.७८४, वेळ १.३५, त्वरण ०.६६
- १०० ग्रॅम: बल ०.९८०, वेळ १.१९, त्वरण ०.८५

बल कसं काढलं? वस्तुमान किलोग्रॅममध्ये गुणिले ९.८. म्हणजे २० ग्रॅम = ०.०२ × ९.८.

आता बारावीतला मी काय केलं असतं? बल भागिले त्वरण केलं असतं, कारण सूत्र तेच सांगतं. करून बघा. पहिल्या रीडिंगवरून वस्तुमान येतं २.४५ किलो. शेवटच्यावरून १.१५ किलो. एकच ट्रक, तेच पीठ, आणि सकाळी अडीच किलो, दुपारी सव्वा! असं आलं की पोरं खोडरबर काढतात.

थांबा. एकेक रीडिंग वेगळं बघण्याऐवजी पाचही बिंदू ग्राफवर मांडा. आडवं बल, उभं त्वरण. पाचही बिंदू जवळपास एका सरळ रेघेत पडतात, अगदी पट्टी लावल्यासारखे. फक्त ती रेघ शून्यातून जात नाही. खाली वाढवली तर आडव्या अक्षाला ०.१२ न्यूटनच्या आसपास छेदते.

ही रेघ म्हणतेय: पहिलं ०.१२ न्यूटन मला द्या, त्याचा हिशेब वेगळा. त्याच्यापुढे जे द्याल त्याचं त्वरण करून देते.

ते ०.१२ न्यूटन कुठे गेलं? घर्षणाला. चाकं, आस, सुईवर फिरणारं रीळ, सगळ्यांनी मिळून ट्रक मागे ओढला. मी बारावीत पुसलेली हीच गोष्ट. त्या लॅबमध्ये ट्रॉलीचं घर्षण कोणी वेगळं मोजलं नव्हतं, पण ग्राफने ते आपोआप मोजून दिलं होतं. रेघ शून्यातून ओढली की ते मापच नाहीसं होतं.

आता रेघेचा चढ बघा. बल ०.१९६ वरून ०.९८० झालं, म्हणजे ०.७८४ ने वाढलं. त्वरण ०.०८ वरून ०.८५, म्हणजे ०.७७ ने. ०.७८४ भागिले ०.७७, उत्तर १.०२ किलो. काट्यावरचं वजन १ किलो!

बहीण उडालीच. "म्हणजे रेघेने ट्रकचं वजन केलं?"

हो. चढाने वस्तुमान सांगितलं, छेदाने घर्षण सांगितलं. दोन वेगळ्या गोष्टी, एकाच रेघेत. न्यूटनचा नियम अगदी खरा ठरला, आणि तो खरा ठरायला रेघ शून्यातून न जाणं गरजेचं होतं. वरचे २० ग्रॅम कुठून आले? चाकं नुसती पुढे जात नाहीत, ती गोल फिरायलाही लागतात, त्यालाही थोडं बल खर्च होतं, म्हणून गाडी किंचित जड वागते. पण आमची मापं इतकी बारीक नाहीत, त्यामुळे त्यावर पैज लावणार नाही.

काडेपेटीची करामत

मग तिने फार चांगला प्रश्न विचारला. "पण मग पुस्तकातली रेघ शून्यातून कशी जाते?"

पुस्तकातल्या लॅबमध्ये घर्षणाची आधीच भरपाई करतात. फळी एका बाजूने जराशी उचलायची, इतकी की उतार घर्षणाइतकंच बल पुढे लावेल. किती उचलायची? आमचं घर्षण ०.१२ न्यूटन, गाडीचं वजन साधारण ९.८ न्यूटन. भागाकार केला तर एक मीटर लांब फळीला सव्वा सेंटिमीटर. टेबलावर काडेपेटी आडवी पडली होती, ती फळीखाली सरकवली. झालं!

जमलंय का ते तपासायचं असं: दोऱ्याशिवाय ट्रकला हलकं ढकलायचं. तो हळूहळू थांबला तर उतार कमी. वेग घेत गेला तर जास्त. एकाच वेगाने जात राहिला तर बरोबर. आपोआप सुटतोय का ते बघू नका, कारण स्थिर वस्तूचं घर्षण हलत्या वस्तूपेक्षा जास्त असतं, तुम्ही फळी उगाच जास्त उचलाल.

काडेपेटी लावून पुन्हा मोजलं: २० ग्रॅमला ०.१९, १०० ग्रॅमला ०.९६. आता रेघ शून्याच्या अगदी जवळून गेली.

यातच तिसरा सापळाही आहे. सव्वा सेंटिमीटर उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही. म्हणजे लॅबमधलं टेबल मुळातच एवढं कललेलं असेल तर तुमचा सगळा ग्राफ सरकेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. प्रयोगाआधी टेबलावर गोटी ठेवून बघा.

आता बल तेच, वस्तुमान वेगळं

काडेपेटी तशीच ठेवली, १०० ग्रॅम लटकवलेलेच ठेवले आणि ट्रकमध्ये पीठ वाढवलं. एकूण १ किलोला त्वरण ०.९६, दीड किलोला ०.६४, दोन किलोला ०.४८. वस्तुमान दुप्पट, त्वरण निम्मं.

एवढ्यात बाबा ओटीवर आले. आमचा टेम्पो आहे. महाडच्या बाजारातून माल भरून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत पोचवायचा, हे ते वर्षानुवर्षं करतात. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे काय नवीन? भरलेली गाडी ऐकत नाही."

भरलेली गाडी ऐकत नाही. दुसऱ्या नियमाचं यापेक्षा चांगलं मराठी मी तरी ऐकलेलं नाही.

मी त्यांच्यासमोरच ढोबळ हिशेब मांडला. रिकामा टेम्पो दीड टन, भरलेला तीन टन. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग. समजा ब्रेक दोन्ही वेळी ६,००० न्यूटन इतकंच बल लावतात. सपाटीला रिकामा टेम्पो साडेबारा मीटरमध्ये थांबेल, भरलेला २५ मीटरमध्ये. आता वीस फुटाला एक फूट असा उतार घ्या. तिथे टेम्पोचं स्वतःचं वजन त्याला पुढे ओढतं, आणि भरलेल्याला दुप्पट ओढतं. रिकामा साधारण १४ मीटरमध्ये थांबेल, भरलेला ३३ मीटरमध्ये. ब्रेक तापून त्यांचं बल कमी झालं तर अंतर आणखी वाढणार. खऱ्या रस्त्यावर टायरची पकड, पाऊस, ब्रेकची अवस्था सगळं आलं, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पण दिशा हीच.

बाबा म्हणाले, "म्हणून तर घाट उतरताना लो गियर." काटकसरीने बोलतात, पण बोलले ते बरोबर. एकसारख्या वेगाने उतरायचं म्हणजे त्वरण शून्य ठेवायचं, म्हणजे उताराच्या ओढीइतकंच बल उलट लावत राहायचं. ते काम एकट्या ब्रेकवर टाकलं तर ब्रेक तापतात, म्हणून इंजिनालाही कामाला लावायचं. आमच्या काडेपेटीच्या फळीवर घर्षणाने जे केलं, तेच आंबेनळीत लो गियर करतो.

हे आधी कोणी केलं?

घर्षणाने माणसाला हजारो वर्षं फसवलं. हातगाडी ढकलायची थांबवली की ती थांबते, म्हणून लोकांना वाटायचं की वस्तू चालती ठेवायलाच बल लागतं. गॅलिलिओने गोळे उतारावरून सोडले, कारण सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांनी मोजण्याइतकी हळू नव्हती. उताराने गती मंद केली. त्याचं यावरचं पुस्तक १६३८ चं. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ चं. आणि १७८४ साली जॉर्ज अॅटवूड या इंग्रजाने एका पुलीवर दोन जवळपास सारखी वजनं टांगलेल्या यंत्राचं वर्णन छापलं. दोन्ही बाजूंची वजनं एकमेकांना तोलून धरतात, ओढतो फक्त फरक. हलवायचं वस्तुमान मात्र दोघांचं मिळून. त्यामुळे सगळं संथ होतं आणि आरामात मोजता येतं.

महाडच्या लोकांनी या कल्पनेचा मोठा भाऊ बघितलाय. रायगडाचा रोपवे! एका बाजूचे पाळणे वर चढतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. खाली येणारं वजन वर जाणाऱ्याला मदत करतं, मोटरला उरलेला फरक आणि घर्षण एवढंच बघायचं असतं. पुढच्या वेळी पाळण्यात बसाल तेव्हा समोरून येणाऱ्या पाळण्याला मनातल्या मनात थँक्यू म्हणा.

तुमच्या मोबाईलमधलं लॅब

तुमच्या मोबाईलमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतोच. स्क्रीन आडवी होते ती त्याच्याच जोरावर. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत अॅप या सेन्सरचे आकडे थेट दाखवतं. आम्ही ट्रकमधल्या मोबाईलवर ते चालू ठेवलं होतं. १०० ग्रॅमला त्याचे आकडे व्हिडिओवरून काढलेल्या त्वरणाशी चांगले जुळले. २० ग्रॅमला मात्र आलेख इतका थरथरत होता की काही कळेना, कारण ०.०८ हे त्वरण चाकांच्या खडखडाटात बुडून जातं. सेन्सर महाग आहे म्हणून नेहमी खरंच सांगतो असं नाही.

करून बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- एकूण वस्तुमान कायम ठेवा. पुड्या गाडीतून दोऱ्यावर न्या, बाहेरून आणू नका.
- दोरा फळीला समांतर ठेवा, तिरका नको.
- वेळ व्हिडिओवरून मोजा, प्रत्येक रीडिंग किमान तीनदा.
- अॅपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळलेलं त्वरण निवडा. नाहीतर टेबलावर शांत पडलेला मोबाईलही ९.८ दाखवेल आणि तुम्ही घाबराल.
- आधी सगळे बिंदू मांडा, रेघ नंतर मारा.

शेवटी

शेवटचा मुद्दा मी नोकरीत शिकलो. पहिल्याच वर्षी एका सिस्टीमची चाचणी घेत होतो. किती रेकॉर्ड मागितले की किती वेळ लागतो, असा ग्राफ. रेकॉर्ड शून्याच्या जवळ आले तरी वेळ शून्याजवळ येईना. मी ती सुरुवातीची रीडिंग 'काहीतरी गडबड असेल' म्हणून काढून टाकली आणि छान रेघ दाखवली. सिस्टीम सुरू झाली, लोक छोट्या छोट्या मागण्या करायला लागले, आणि प्रत्येक मागणीला कनेक्शन जोडण्याचा तोच ठरलेला वेळ भरावा लागला. सगळं मंदावलं. दोन रात्री जागून मला जे सापडलं ते माझ्याच काढून टाकलेल्या रीडिंगमध्ये लिहिलेलं होतं. बारावीची सवय होती, दुसरं काय!

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मार्क कापले तर?"

याचं उत्तर मला सोपं करून सांगता येईना. मार्क तिचे आहेत, माझे नाहीत. एवढंच म्हटलं, "तुझ्या वहीत खरे आकडे आहेत. सर काहीही विचारू देत, तुला उत्तर देता येईल. मला माझ्या जर्नलबद्दल कोणी विचारलं असतं तर देता आलं नसतं."

तिने खोडरबर बाजूला ठेवला. जुनी रीडिंग तशीच ठेवली, वरच्या घसरलेल्या बिंदूला गोल केला आणि रेघ जिथे जात होती तिथूनच नेली. खाली निष्कर्षात लिहिलं: 'त्वरण हे एकूण बलाच्या समप्रमाणात आहे. रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते ते घर्षणबल. शेवटच्या रीडिंगमध्ये वेळ मोजण्याची चूक असावी, ते पुन्हा घ्यायला हवं.'

कॉलेज सोमवारी उघडतंय. सर काय म्हणाले ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तोपर्यंत तुमच्या जर्नलमध्ये अशी एखादी पुसलेली रेघ असेल तर मला व्हॉइस नोट करून नक्की सांगा, नाव घेणार नाही.

आणि हो, पुतण्याला ट्रक परत केलाय. तांदळाच्या पिठासकट. आईला अजून माहीत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात!